कोरिऑप्सिसचं वाइल्डफ्लॉवर किट: बी एक नंबर, बाकी डबा नुसता शो

आधीच सांगून टाकते, कोरिऑप्सिस या पिवळ्या-तांबड्या रानफुलाच्या बियांना पाच स्टार, किटला दोन, आणि त्या माहितीपत्रकाला मायनसमध्ये द्यायची सोय असती तर तेही दिले असते, त्यामुळे सगळं मिळून साडेतीन देतेय. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण असली किटं हल्ली बरेच जण विकतात, डब्यावरचा फोटो तेवढा बदलतो, आतला माल साधारण तोच, म्हणून मी जे लिहितेय ते तुम्ही कुणाचंही घेतलंत तरी कामाला येईल.

डब्यात बियांचं छोटं पाकीट, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या सालाच्या भुशाच्या) दाबलेल्या चकत्या, कागदाच्या लगद्याच्या इवल्याशा कुंड्या, दाणेदार खताची पुडी, नाव लिहायला लाकडी पट्टी आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. पॅकिंग मस्तच, कुणाला गिफ्ट द्यायला भारी दिसतं. पण मी घेतलं ते वेगळ्याच कारणासाठी, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात झाडाचं पूर्ण नाव छापलं होतं, कोरिऑप्सिस टिंक्टोरिया. ही गोष्ट प्लीज बघत जा. नुसतं ‘कोरिऑप्सिस’ किंवा नुसतं ‘वाइल्डफ्लॉवर’ लिहिलेल्या पाकिटात काहीही निघू शकतं, याच्याच दुसऱ्या जाती, लॅन्सिओलाटा निघेल, ग्रँडिफ्लोरा निघेल, ही दोन्ही बहुवर्षायू, सगळी फुलं एकजात पिवळी, आणि बियांपासून लावली तर बऱ्याचदा पहिल्या वर्षी नुसता पाला. त्यातलं लॅन्सिओलाटा जपानमध्ये नदीकाठाने इतकं पसरलं की २००६ साली त्यांनी ते उपद्रवी परदेशी जातींच्या यादीत टाकलं आणि तिथे ते लावायलाच बंदी आहे. टिंक्टोरिया मात्र खरं वर्षायू, एका हंगामात उगवतं, फुलतं, बी धरतं आणि आटोपतं. आपल्याला दोन-अडीच महिन्यांत रंग बघायचा असेल तर हेच.

आणि रंग म्हणजे काय विचारू नका. डब्यावरच्या फोटोत ते नुसतं पिवळं-लाल फूल दिसतं, प्रत्यक्षात जवळ जाऊन बघितलं तर मजा आहे. साधारण आठ पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन कंगोरे कापल्यासारखे, बाहेरून हळदीपेक्षा गडद पिवळा आणि आत देठाकडे एकदम काळपट तांबडा डाग, तो डाग प्रत्येक झाडाचा वेगळा, कुणाचा एवढासा ठिपका, कुणाचा निम्मी पाकळी भरून, आणि एक झाड तर असं निघालं की सगळं फूलच काताच्या रंगाचं, पिवळी फक्त कडेला रेघ. एकाच पाकिटातलं बी बरं का. मधली गोल चकती गडद तपकिरी-लाल, तिच्यात बारीक बारीक फुलं असतात (सूर्यफुलाचंच कुळ हे), ती कडेकडून आत उमलत जातात, भिंग असेल तर बघा, त्यांना चारच दातरे असतात, या कुळात बहुतेकांना पाच असतात. फूल लहान आहे, तीन-चार सेंटीमीटर, डब्यावर झेंडूएवढं वाटतं ती फोटोग्राफरची कृपा. पण एका झाडावर इतकी येतात की लहान असल्याचं काही वाटत नाही.

आता माहितीपत्रक. त्यात लिहिलंय, बी अर्धा इंच खोल पेरा, वरून कोकोपीटने झाका, रोज दोनदा पाणी, दर आठवड्याला खत. चारही गोष्टी या झाडासाठी उलट्या आहेत. हे कुठल्यातरी दुसऱ्या रोपाचं पत्रक उचलून वर नाव बदललंय असा माझा पक्का संशय आहे.

या बिया किती बारीक असतात ते आधी लक्षात घ्या, एका ग्रॅममध्ये साधारण तीन हजार बसतात. काळी, किंचित वाकडी, नखाच्या टोकावर दहा-बारा मावतील. एवढ्याशा बीमध्ये साठवलेलं अन्न ते किती असणार, अर्धा इंच माती फोडून वर येईपर्यंत कोंब खलास होतो. शिवाय या बियांना उगवायला उजेड लागतो. रानात हे झाड उत्तर अमेरिकेच्या मोकळ्या गवताळ मैदानांवर, रस्त्याकडेच्या चरांत, माती उकरलेली असेल अशा उघड्या जागी येतं, तिथे बी वरच पडतं, पावसाने मातीला चिकटतं आणि उजेड मिळाला की त्याला कळतं डोक्यावर कुणी नाही, चला. म्हणून पेरताना बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळायचं, ओल्या मातीवर भुरभुरायचं, तळहाताने किंवा सपाट फळीने दाबायचं आणि सोडून द्यायचं. झाकायचं नाही. पाणी स्प्रे बॉटलने, झारीने घातलंत तर सगळ्या बिया वाहत जाऊन कुंडीच्या एका कडेला जमतील. हवा फार थंड नको, फार तापलेलीही नको, वीस अंशांच्या आसपास असेल तर आठ-दहा दिवसांत हिरवी टाचणीची टोकं दिसायला लागतात, गारवा असेल तर तीन आठवडेही घेतात, तोवर वरची माती सुकू द्यायची नाही एवढंच पथ्य.

मी पत्रकावर विश्वास ठेवलाच नव्हता असं नाही, मुद्दाम दोन्ही करून बघितलं, रिव्ह्यू लिहायचा तर नीट लिहावा. एका मोठ्या कुंडीत पत्रक म्हणेल तस्सं, त्यांचं कोकोपीट, त्यांचं खत, अर्धा इंच खोल वगैरे. दुसऱ्या तेवढ्याच कुंडीत साधी बागेतली माती, त्यात निम्म्याहून थोड्या कमी प्रमाणात जाड वाळू, खत शून्य, बी वरच. उरलेलं बी कंपाउंडच्या भिंतीलगत जी खडकाळ पट्टी आहे, जिथे आजवर काही धड आलं नाही, तिथे उधळून दिलं.

पत्रकवाल्या कुंडीत कशीबशी चार-दोन रोपं वर आली. वाळूवाल्या कुंडीत हिरवी मखमल.

आणि इथे एक गंमत झाली ती सांगते कारण तुमच्याही घरी होऊ शकते. याची सुरुवातीची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि पुढची पानं फाटून फाटून इतकी बारीक होतात की झाड कमी आणि तण जास्त वाटतं. एके दिवशी सकाळी आई खुरपं घेऊन भिंतीपाशी बसलेली, मी वरून बघितलं आणि ओरडले, "आई, हात लावू नकोस, ती फुलझाडं आहेत!" तर ती म्हणते, "अगं याला फुलझाड म्हणतात होय? हे तर बडीशेपेसारखं गवत दिसतंय." तोवर निम्मी पट्टी साफ झाली होती. तिला वाईट वाटलं, पण खरं सांगू का, जे झालं ते विरळणीचं कामच झालं, कारण रोपं इतकी दाट होती की मला ती उपटायला जिवावरच आलं असतं. दोन रोपांत निदान वीतभर तरी अंतर पाहिजे, नाहीतर सगळी उंच, किडकिडीत होतात, हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) धरते. किटमध्ये ती लाकडी पट्टी एकच दिली आहे, तिच्याऐवजी चार दिल्या असत्या तर निदान खुणेला रोवता आल्या असत्या.

त्या कागदी कुंड्यांबद्दल एकच, वापरू नका. रोप जरा वाढलं की त्यांच्यात मुळं अडकतात, कडा वाळतात आणि ओलावा शोषून घेतात. हे बी जागेवरच पेरायचं. अगदीच ट्रेमध्ये करायचं असेल तर दोन-तीन जोड्या पानं आली की लगेच हलवा, उशीर करू नका.

आता खत, ज्यावर माझा खरा राग आहे. पत्रकवाल्या कुंडीतली जी रोपं जगली ती काय वाढली म्हणून सांगू, गुडघ्याच्या वर गेली, पाला गडद हिरवा, देठ जाड पण आतून भुसभुशीत, आणि कळी नाही. माजली, दुसरा शब्द नाही. नत्र भरपूर मिळालं की झाडाला फुलायची घाईच राहत नाही, ते पाला करत सुटतं. मग एका रात्री वाऱ्यासह पाऊस झाला आणि सगळी आडवी, सकाळी बघते तर कुंडीबाहेर डोकी टाकून पडलेली. काठ्या लावल्या, दोरा बांधला, शेवटी फुलं आली तीसुद्धा वाळूवाल्यांच्या बऱ्याच मागून आणि मोजकी. वाळूवाल्या कुंडीतली झाडं ठेंगणी, गुडघ्यालाही लागत नव्हती, देठ तारेसारखे, तोच पाऊस खाऊन परत उभी. आणि भिंतीकडची, जिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आईच्या खुरप्यातून वाचलेली, ती सगळ्यात आधी फुलली. असं असताना किटमध्ये खताची पुडी घालणं म्हणजे ग्राहकाला काहीतरी भरघोस दिल्यासारखं वाटावं एवढाच उद्देश दिसतो. माझी उरलेली पुडी गुलाबाला गेली, तिथे तिचं सोनं झालं.

पाण्याचंही तेच. रोपं लहान असेपर्यंत ओल हवी, एकदा मूळ धरलं की बोटाचं एक पेर माती कोरडी लागली तरच पाणी, आणि ते बुडाशी, पानांवर नाही. रानात हे थोड्या दमट चरांतही येतं म्हणून अगदीच वाळवंटी झाड समजू नका, कडक उन्हात कुंडी दिवसभर तापत असेल तर माना टाकतात, तेव्हा द्यायचंच. पण तळाला पाणी साचलं तर मुळं कुजतात, कुंडीला भोकं बघून घ्या. ऊन मात्र पूर्ण पाहिजे, सहा तास तरी थेट. ज्यांची बाल्कनी सावलीत आहे त्यांनी हे किट घेऊ नये, डब्यावर ‘कुठेही फुलतं’ असं लिहिलंय ते खोटं आहे. सावलीत ते उजेडाकडे मान लांब करत जातं आणि लोळतं.

किडीचा फार त्रास नाही. कळ्यांच्या खाली मावा दिसला होता, पाण्याचा जोरात फवारा मारला, दोन-तीनदा, गेला. औषध मारू नका अशी विनंती, कारण फुलं उघडल्यावर त्यांच्यावर जी गर्दी होते, बारक्या माश्या, मधमाश्या, ती पट्ट्यापट्ट्यांची हवेत एका जागी थांबणारी फूलमाशी, तिचीच पोरं पुढे मावा खाणारी असतात (म्हणजे फूलमाशीच्या अळ्या हो, मधमाशीच्या नाहीत). फवारणी केली की तीही जातात.

बहर लांबवायचा असेल तर सुकलेली फुलं खुडत राहायची. आता एवढी बारीक शेकडो फुलं एक एक खुडायला कुणाला वेळ आहे, मी सरळ कात्री घेऊन वरचा एक तृतीयांश भाग कापून टाकला, केस कापल्यासारखा. आठवडाभर कुंडी भकास दिसली, मग खालून फुटवे आले आणि दुसरा बहर पहिल्यापेक्षा दाट. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही. फुलदाणीत पण टिकतात बऱ्यापैकी, देठ बारीक असल्याने मोकळी हलकी दिसतात, फक्त खालची पानं काढून पाणी बदलत राहा.

हे सगळं ठीक, पण मला ज्याच्यासाठी हे झाड आवडलं ती गोष्ट डब्यावर कुठेच नाही. याच्या फुलांपासून रंग निघतो, खराखुरा, लोकरीला लावायचा. अमेरिकेतले मूळ लोक हे पूर्वीपासून करत आले, झुनी लोक याच्यापासून सुतासाठी तांबूस तपकिरी रंग काढायचे. माझी वहिनी विणकाम करते, तिला सांगितल्यावर ती माझ्यापेक्षा जास्त पेटली. पद्धत सोपी आहे, पांढरी लोकर आधी तुरटीच्या गरम पाण्यातून काढायची, लोकरीच्या वजनाच्या साधारण दहा टक्के तुरटी पुरते. फुलं लोकरीच्या वजनाइतकी, ताजी किंवा वाळवलेली, नुसती डोकी घ्यायची, देठ नको. पाण्यात मंद आचेवर तासभर, उकळी फोडायची नाही, मग गाळून त्या पाण्यात लोकर. भांडं स्टीलचं आणि फक्त रंगासाठीचं, परत स्वयंपाकाला घेऊ नका. लोकर बाहेर आली ती पिकल्या संत्र्यासारखी, वहिनी म्हणाली, "थांब गं, अजून एक करून बघू," आणि रंगाच्या पाण्यात तिने चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, तर आमच्या डोळ्यांदेखत ते पाणी पिवळ्याचं विटकरी लाल झालं. एका क्षणात. त्यात घातलेली लोकर काढल्यावर पहिलीच्या शेजारी ठेवली तर एकाच झाडाचे रंग आहेत हे कुणी मानेना. सोडा जास्त झाला तर लोकर चरबरीत होते, बेताने. हे जर कंपनीने किटमध्ये खताऐवजी तुरटीची पुडी घालून विकलं असतं ना, मी पाच काय सहा स्टार दिले असते.

चहाबद्दल कुणीतरी विचारणार म्हणून आधीच लिहिते. हो, याच जातीची वाळवलेली फुलं गरम पाण्यात घालून पितात, चीनच्या शिनजियांगमध्ये कुनलुन डोंगरांच्या बाजूला याची त्यासाठी लागवड होते, पाणी लालबुंद होतं. पण शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या बियांवर कधीकधी बुरशीनाशक लावलेलं असतं आणि आमच्या पाकिटावर त्याबद्दल हो-नाही काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी प्यायले नाही, तुम्हीही नीट खात्री असल्याशिवाय पिऊ नका. ज्यांना झेंडू-शेवंतीच्या कुळाची अॅलर्जी आहे त्यांनी तर नाहीच.

कस्टमर केअरला मी पत्रकाबद्दल लिहिलं, सविस्तर, फोटो जोडून, की खोल पेरलेल्याचं असं झालं आणि वर पेरलेल्याचं असं. उत्तर आलं, ‘कृपया रोपांना नियमित पाणी आणि आमचं खास फ्लॉवर बूस्टर द्या’ आणि खाली बूस्टरची लिंक. मी दोन्ही कुंड्यांचा शेजारी-शेजारी फोटो परत पाठवला, त्यावर ‘तुमचा अभिप्राय मोलाचा आहे’. असो. किटचे जे तीन स्टार गेले त्यातला एक याने खाल्ला.

काही जण विचारतील की मग सरळ वाइल्डफ्लॉवर मिक्स का नाही घ्यायचं, पंधरा-वीस जातींचं मोठं पाकीट मिळतं. मी ते मागे घेतलेलं. त्यात बियांपेक्षा भुसा आणि व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेलं हलकं खनिज) जास्त असतं (मोकळं पेरायला सोपं जावं म्हणून घालतात, त्यात फसवणूक अशी नाही, पण वजन बघून हुरळून जाऊ नका), आणि प्रत्येक जातीची वेळ, उंची, पाण्याची गरज वेगळी, मोठ्या मोकळ्या जागेत ते छान दिसतं, पण कुंडीत जी जोरकस जात असते ती बाकीच्यांना दाबून टाकते. माझ्या मिक्समध्ये कॉसमॉसने बाकी कुणाला वर येऊ दिलं नव्हतं. घरच्या छोट्या जागेत एकच जात घ्या, किंवा फारतर कोरिऑप्सिसच्या जोडीला गॅलार्डिया, दोघांनाही ऊन आणि हलकी जमीन लागते, रंगही जुळतात.

बी धरण्याबद्दल. फुलं सुकून डोकी तपकिरी कडक झाली की कोरड्या दिवशी कागदी पिशवीत उलटी धरून चुरायची, बी आपोआप खाली बसतं, कागदी पाकिटात घालून कोरड्या गार जागी ठेवलं की पुढच्या हंगामाला तयार, परत विकत घ्यायला नको. सगळी डोकी काढलीच पाहिजेत असं नाही, थोडी झाडावर राहू द्या, दाणे खाणारे छोटे पक्षी येतात त्यांच्यावर. पण मग खाली पडलेलं बी पुढे उगवणार हे गृहीत धरा, पुष्कळ उगवतं, माझ्या भिंतीकडच्या पट्टीत यंदा न पेरता आलंय आणि शेजारच्या फरशीच्या भेगेतही. मला आवडतं, ज्यांना आखीवरेखीव बाग लागते त्यांना डोक्याला ताप वाटेल, त्यांनी डोकी वेळेवर कापावीत. तुमच्या घराला लागून मोकळं रान, ओढा वगैरे असेल तर तेवढी काळजी घ्याच, आपल्याकडचं बी तिकडे जाऊन तिथल्या मूळ झाडांच्या जागेत घुसायला नको.

आणखी एक, सुट्या पाकिटात याच्या ठेंगण्या जातीही मिळतात. ‘महोगनी मिजेट’ नावाची एक आहे, वीतभर उंचीची आणि फुलं गडद तांबडी, कुंडीसाठी उत्तम, वाऱ्याला पडायची भीती नाही. मी पुढच्या वेळी तीच मागवणार आहे, किट नको, फक्त पाकीट, आणि त्यावर जातीचं पूर्ण नाव आणि कोणत्या वर्षाचं बी आहे ते छापलेलं असेल तरच. कुणी मागवलं असेल तर उगवण कशी झाली ते खाली सांगा, आणि कुणाला माझ्याकडचं बी हवं असेल तर काताच्या रंगाच्या त्या एका झाडाचं वेगळं काढून ठेवलंय, पण मधमाश्यांनी परागण केलंय म्हणजे त्यातून नेमकं तेच फूल येईल अशी गॅरंटी मी देत नाही.